साखळी-करवतीचें पातें किती लांब असावें?



साखळी-करवत हा शब्द आपल्यापैकीं पुष्कळांना नवा वाटेल. पण 'चेनसॉ' म्हटलें कीं पावसाळ्यांत रस्त्यावर आडवें झालेलें झाड, भोंवतीं जमलेली मंडळी आणि कानठळ्या बसविणारा तो कर्कश आवाज, हें सारें चित्र डोळ्यांपुढें उभें राहील. हें यंत्र आतां केवळ वनखात्याच्या किंवा अग्निशामक दलाच्या हातीं राहिलेलें नाहीं. कोंकणांत ज्याची वाडी आहे, मावळांत ज्यानें चार गुंठ्यांवर घर बांधलें आहे, किंवा ज्याच्या गृहसंस्थेच्या आवारांत जुने वृक्ष आहेत, असा शहरांतला सुशिक्षित गृहस्थहि आज तें विकत घ्यावयास दुकानांत जातो. आणि तेथें त्याला पहिला प्रश्न पडतो तो पात्याच्या लांबीचा.

दुकानदार विचारतो, "साहेब, सोळा इंची दाखवूं कीं बावीस इंची?" साहेब किंमत विचारतात. दोहोंत फारसा फरक नाहीं असें ऐकल्यावर त्यांचा निर्णय जवळजवळ ठरलेलाच असतो. मोठें घेतलें तर लहान काम होईलच, लहान घेतलें तर मोठें काम अडेल. तेव्हां मोठेंच घ्यावें! कपाट, पातेलें, छत्री यांच्या बाबतींत हा हिशेब बरोबर आहे. या यंत्राच्या बाबतींत तो चुकतो, आणि तो चुकला म्हणजे नुकसान केवळ पैशांवर भागत नाहीं. तो कां चुकतो व बरोबर हिशेब कसा मांडावा, हें आज सांगावयाचें आहे.

या यंत्राचीं मुख्य अंगें तीन. पहिलें इंजिन; तें बहुधा पेट्रोलवर चालतें, कांहीं यंत्रांत त्याच्या जागीं विजेची मोटर असते. दुसरें अंग साखळी. सायकलच्या साखळीची ही थोरली व अधिक रागीट बहीण म्हणावी, कारण हिच्या पाठीवर दांत बसविलेले असतात. आणि तिसरें तें लांबट, चपटें, पुढें वाटोळें झालेलें पोलादी पातें. बाजारांत त्याला 'बार' म्हणतात. पातें हा शब्द मीं सोयीसाठीं घेतला आहे, पण त्यानें गैरसमज होण्याचा संभव आहे म्हणून आधींच खुलासा करतों. कोयत्याचें पातें कापतें. हें पातें कांहींच कापीत नाहीं. त्याच्या कडेनें एक बारीक खांच गेलेली असते आणि त्या खांचेंतून साखळी धांवते. कापण्याचें काम साखळीचें, ओढण्याचें काम इंजिनाचें, आणि पात्याचें काम आगगाडीच्या रुळांचें: वाट दाखविणें आणि वाट सोडूं न देणें. रूळ लांबविल्यानें इंजिनाची शक्ति वाढत नाहीं, हें ज्याच्या ध्यानांत आलें त्याला पुढचें सर्व सोपें जाईल.

या यंत्राचा इतिहास शंभर वर्षांच्या आंतबाहेरचा आहे. जर्मनींत आंद्रेआस स्टील यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी साखळी-करवत काढली. पुढल्याच वर्षीं एमिल लेर्प यांनीं थुरिंगिया प्रांतांतील डोल्मार नांवाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचा प्रयोग केला. तीं यंत्रें दोघांनीं मिळून पेलावीं लागत, आपल्या वखारींतील दोन बाजूंनीं ओढावयाच्या जुन्या करवतीसारखीं. एकट्यानें चालविण्याजोगें हलकें यंत्र प्रचारांत आलें तें १९५० च्या सुमारास. त्याच्या थोडें आधीं अमेरिकेंत एक मौजेची गोष्ट घडली. ऑरेगॉन संस्थानांतील जोसेफ कॉक्स हा लांकूडतोड्या तत्कालीन साखळीच्या दांतांना विटला होता. ते दांत लांकूड ओरबाडीत, लवकर बोथट होत आणि कानस लावतां लावतां दिवस जाई. १९४६ सालीं एका ओंडक्यांत त्याला एक जाडजूड अळी लांकूड पोखरतांना दिसली. ती रेषेच्या दिशेनें पोखरी तशीच आडवीहि पोखरी, आणि तिच्या तोंडाचे दोन्ही जबडे डावी-उजवीकडे आळीपाळीनें चालत. कॉक्सनें त्या जबड्यांच्या आकाराचे दांत पोलादांत घडविले. एक डावा, एक उजवा. आजच्या साखळींत जे दांत दिसतात ते त्याच घडणींतून आलेले आहेत.

आतां या दांतांचाच हिशेब मांडूं. तीन-अष्टमांश इंच मापाच्या नेहमींच्या साखळींत एका दांतापासून दुसऱ्या दांतापर्यंत सुमारें दीड इंच अंतर असतें. म्हणजे १२ इंच जाडीच्या ओंडक्यांत एका वेळीं ८ दांत लांकूड कापीत असतात, तर २१ इंच जाडीच्या ओंडक्यांत १४. प्रत्येक दांताला इंजिनाकडून आपला वांटा हवा असतो. आठांना पोटभर जेवूं घालील इतकीच ज्याची ऐपत, त्याच्या पंगतीला चौदा पाहुणे बसविले तर काय होईल? प्रत्येकाच्या पानांत कमी पडेल. साखळी मंदावते, इंजिन घोगरा आवाज काढूं लागतें, आणि यंत्र धरणारा मनुष्य अधीर होऊन वरून जोर देऊं लागतो. जोर दिला कीं साखळी आणखी मंदावते. इंजिन आणि साखळी यांना जोडणारा जो क्लच, तो घसरून तापतो. अर्ध्या तासांत यंत्रहि थकतें आणि माणूसहि. आणि थकलेल्या माणसाच्या हातीं हें यंत्र असणें ही चांगली गोष्ट नव्हे.

म्हणून पात्याची लांबी ठरवितांना पहिला प्रश्न झाडाचा नव्हे, इंजिनाचा. ढोबळ मानानें सांगावयाचें तर ३५ ते ४० सी. सी. च्या, म्हणजे सुमारें दोन अश्वशक्तींच्या इंजिनाला १४ ते १६ इंचांचें पातें शोभतें. ५० ते ५५ सी. सी. ला १६ ते १८, फार तर २०. चोवीस-पंचवीस इंचांचें पातें बुंध्यांत पुरतें बुडवून राबवावयाचें असेल तर ७० सी. सी. च्या आसपासचें सशक्त इंजिन पाहिजे. पण सी. सी. हें पोटाचें माप आहे, बळाचें नव्हे. सारख्याच सी. सी. च्या दोन यंत्रांच्या शक्तींत पुष्कळ अंतर असूं शकतें. आपल्या बाजारांत ५८ सी. सी. चें स्वस्त यंत्र आणि त्याला २२ इंचांचें पातें ही जोडी वारंवार दिसते. खोक्यावरचे हे दोनच आकडे पाहून भुलूं नये. माहितीपत्रांत किलोवॅटचा आकडा कोठें दिला आहे तें पाहावें, आणि दिलेलाच नसेल तर त्यावरून काय समजावयाचें तें समजावें. चांगला कारखानदार आपल्या यंत्राला कोणकोणतीं पातीं व साखळ्या चालतील याची यादीच पुस्तिकेंत छापतो. त्या यादींतील सर्वांत लांब पातें ही त्या यंत्राची कमाल मर्यादा होय, शिफारस नव्हे.

येथें कोणी चतुर श्रोता म्हणेल, "पातें बावीस इंची असलें तरी ओंडका सहाच इंचांचा असेल तर दांत चारच लागणार, मग इंजिनावर भार कसला?" शंका योग्य आहे. लांकडाचा भार त्या वेळीं वाढत नाहीं, हें खरें. पण लांब खांचेंतून लांब साखळी ओढण्याचें घर्षण वाढतें, तिला तेल अधिक लागतें, वजन पुढें झुकतें आणि मनगट सतत तें सांवरीत राहतें. शिवाय सहा इंचांच्या ओंडक्यापलीकडे जें पंधरा-सोळा इंच पातें उघडें राहतें, तें तेथें स्वस्थ बसलेलें नसतें. तेथेंहि साखळी धांवतच असते, आणि ती कशाला लागते आहे हें पाहावयाला तेथें कोणी नसतें. या उघड्या पात्याकडे मला पुन्हां वळावयाचें आहे.

लांब पातीं वाईट, असा याचा अर्थ मात्र कोणी करूं नये. स्वीडनच्या अरण्यांत स्प्रूस व पाइन यांचीं सडपातळ झाडें तोडणारा कसलेला कामगार ५० सी. सी. च्या जोरदार यंत्रावर १३ ते १५ इंचांचें पातें लावतो. त्याला दिवसभर आडव्या झाडाच्या शेंकडों फांद्या छाटावयाच्या असतात. पातें आंखूड असल्यामुळें यंत्र हातांत पांखरासारखें फिरतें. उलट अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, जेथें डग्लस फर नांवाचे प्रचंड वृक्ष डोंगर-उतारावर उभे आहेत, तेथील लांकूडतोड्या २८ ते ३६ इंचांचें पातें वापरतो. झाडाची जाडीच तेवढी, आणि उतारावर न वांकतां फांद्या छाटतां येतात हा दुसरा लाभ. मात्र त्याचें इंजिन ७० ते ९० सी. सी. चें असतें, आणि पुष्कळदां साखळींतले दांत मुद्दाम विरळ ठेवलेले असतात. पंगतीला पाहुणे कमी, एवढाच त्याचा अर्थ. या दोन देशांच्या लांकूडतोड्यांत कोणाचें पातें बरोबर यावर वाद चालतात. माझ्या मतें दोघेहि बरोबर आहेत, कारण दोघांनींहि आपलीं झाडें पाहून पातें निवडलें आहे. एकमेकांचें पाहून नव्हे.

मग आपलीं झाडें कशीं पाहावयाचीं? येथें एक घोटाळा नेहमीं होतो. आपल्याकडे झाड मोजण्याची रीत घेराची आहे. माळी सांगतो, "साठ इंची झाड आहे," आणि ऐकणारा घाबरून मोठ्यांत मोठें पातें मागतो. पण साठ इंच हा बुंध्याभोंवतीं दोरी गुंडाळून घेतलेला घेर झाला. त्याला ३.१४ नीं भागलें तर जाडी एकोणीस इंचच भरते. शाळेंत शिकलेलें वर्तुळाचें गणित गृहस्थाश्रमांत उपयोगीं पडण्याचे प्रसंग फार थोडे; हा त्यांतला एक समजावा. दोरी, फूटपट्टी आणि कागद घेऊन आपल्या आवारांतील झाडांच्या ज्या भागांना खरोखर यंत्र लागणार त्यांची जाडी काढावी. नेहमीं कापाव्या लागणाऱ्या लांकडाच्या जाडीहून पातें दोन इंच लांब असलें म्हणजे पुरें. वर्षांतून दहा वेळां जें काम पडतें त्यासाठीं यंत्र घ्यावें. दहा वर्षांतून एकदां जें पडेल त्यासाठीं माहितगार माणूस बोलवावा.

पात्याचेंहि माप घ्यावें लागतें, आणि तेथेंहि फसगत होते. पात्याची सांगितली जाणारी लांबी म्हणजे त्याची सबंध लांबी नव्हे. त्याचा मागचा भाग यंत्राच्या पोटांत असतो. यंत्राच्या अंगापासून बाहेर आल्यावर टोंकाच्या शेवटच्या दांतापर्यंत जें अंतर तीच कामाची लांबी, आणि ती जवळच्या वरच्या सम आकड्यानें सांगण्याचा प्रघात आहे. पावणेसोळा इंच भरली तर तें पातें सोळा इंची. पातें काढून सबंध मोजलें आणि तेवढा आकडा दुकानदाराला सांगितला, तर घरीं येणारें पातें नको तितकें लांब असेल.

आतां त्या उघड्या पात्याकडे वळूं. पात्याच्या सर्व भागांत टोंक सर्वांत घातक, आणि टोंकांतहि त्याचा वरचा अर्धा भाग. साखळी वरच्या कडेनें आपल्यापासून दूर धांवते, टोंकावरून खालीं वळते आणि खालच्या कडेनें आपल्याकडे परत येते. खालच्या कडेनें कापतांना ती यंत्राला लांकडाकडे ओढून घेते. यंत्र ओंडक्याला टेकून राहतें व हात स्थिर असतो. वरच्या कडेनें कापलें तर ती यंत्र आपल्या अंगावर ढकलते. तेंहि एक वेळ सांवरतां येतें. पण जेथें साखळी वळण घेत असते त्या वरच्या कोपऱ्यावर एखादी फांदी लागली, तर दांत तिच्यांत गरजेपेक्षां खोल घुसतो. त्याला तो घांस तोडतां येत नाहीं आणि सोडतांहि येत नाहीं. धांवत्या सायकलच्या पुढच्या चाकांत काठी अडकावी, तसा हा प्रकार. साखळी क्षणभर अडते आणि तिचा सारा वेग पात्यांत उतरतो. पातें वर व मागें, म्हणजे चालविणाऱ्याच्या तोंडाच्या व मानेच्या दिशेनें, फेंकलें जातें. यालाच उसळी म्हणावयाचें. त्या साखळीचा वेग किती असतो? सात दांत्यांच्या चक्रावर एका फेऱ्यांत ती सुमारें १३३ मिलिमीटर सरकते. इंजिन मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल तर वेग सेकंदाला २२ मीटर, म्हणजे तासाला ८० किलोमीटर झाला. उसळी पुरी होण्यास सेकंदाचा एक लहानसा अंश पुरतो. माणसाला "अरे!" म्हणण्यासहि सवड सांपडत नाहीं.

लांब पात्याला जडत्व अधिक, म्हणून त्याची उसळी किंचित् सावकाश येते, असें कांहीं जाणकार सांगतात. आणि गणितदृष्ट्या तें चूक नाहीं. परंतु उसळी येण्याचा प्रसंगच लांब पात्यानें अधिक वेळां ओढवतो. टोंक आपल्या डोळ्यांपासून जितकें दूर, तितकें तें कशाला लागणार हें आपल्याला कमी दिसतें. सोळा इंची पात्याचें टोंक दहा इंचांच्या ओंडक्यापलीकडे सहा इंच डोकावतें. बावीस इंची पात्याचें टोंक वीतभरापेक्षां जास्त पुढें जाऊन मागच्या फांदीशीं, दगडाशीं किंवा कुंपणाच्या तारेशीं गांठ घालून देतें. टोंकाच्या आकाराचाहि येथें संबंध येतो: टोंक अरुंद असेल तर तो घातक कोपराच लहान होतो आणि उसळीचा जोर कमी पडतो. नवशिक्यानें लांबीबरोबर हेंहि विचारून घ्यावें. यंत्राच्या पुढल्या मुठीसमोर जी ढाल असते ती हाताच्या धक्क्यानें पुढें झुकतांच साखळी थांबते. ही सोय उत्तम आहे, पण तिच्या भरंवशावर टोंकाशीं खेळ करूं नये. पुढल्या मुठीला अंगठ्यानें खालून पक्का विळखा घालावा, आणि यंत्र खांद्याच्या वर उचलून कधींहि कापूं नये.

हें सर्व कागदावर वाचतांना दूरचें वाटतें. म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. ३ जून २०२० या दिवशीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड या बाजूच्या नारळी-पोफळीच्या वाड्या कांहीं तासांत भुईसपाट झाल्या. पिढ्यान् पिढ्या सांभाळलेले माड विहिरींवर, गोठ्यांवर, वाटांवर आडवे पडले. अशा वाडीच्या मालकानें, तो मुंबईंत राहत असो वा गांवीं, कोणतें पातें घ्यावें?

पोफळीचा बुंधा चार ते सहा इंचांचा. माडाचा साधारणतः दहा ते चौदा इंचांचा. वाडीच्या कडेचा जुना आंबा किंवा फणस दोन फूट किंवा त्याहून अधिक भरेल. मालकाची नजर स्वाभाविकपणें त्या आंब्यावर जाते आणि तो बावीस इंचीची भाषा बोलूं लागतो. पण मोजून पाहिलें तर पडलेल्या शंभर झाडांत असे वृक्ष दोन-चार, आणि बाकीच्या सर्वांना सोळा इंची पातें पुरून उरतें. शिवाय वादळांत पडलेलें झाड हें वखारींतल्या ओंडक्यासारखें मोकळें नसतें. एकावर एक चार माड, त्यांच्या झावळ्यांचा ढीग, त्यांत दडपलेल्या पोफळी, तुटलेल्या विजेच्या तारा आणि चिऱ्यांचा गडगा, असा तो गुंता. या गुंत्यांत पात्याचें टोंक कोठें जातें हें दिसत नाहीं. म्हणजे ज्या प्रसंगासाठीं लांब पातें घ्यावेंसें वाटतें, नेमका तोच प्रसंग लांब पात्याला सर्वांत कमी मानवणारा. शिवाय अशा ढिगांतील एकेक बुंधा धनुष्यासारखा ताणलेला असतो. कोणत्या बाजूनें कापल्यास तो पात्याला मिठी मारील आणि कोणत्या बाजूनें उसळून अंगावर येईल, हें ओळखण्याची विद्या पुस्तकांत मिळत नाहीं. ढीग मोठा असेल तर पहिल्या दिवशीं तरी तें काम अनुभवी माणसावर सोंपवावें. आणि विजेची तार दिसली कीं, वीजमंडळाचा माणूस प्रवाह बंद केल्याचें सांगेपर्यंत, यंत्राला हात लावूं नये.

माडाविषयीं आणखी एक गोष्ट. त्याचें लांकूड आंब्या-फणसासारखें नाहीं. गाभा मऊ आणि बाहेरचा कवचासारखा भाग अतिशय कठीण. तो साखळीची धार पाहतां पाहतां खाऊन टाकतो. त्यामुळें वाडीवाल्याला लांब पात्यापेक्षां एक जादा साखळी आणि चांगली कानस यांचीच गरज अधिक. भुशाकडे लक्ष ठेवावें: कपच्यांसारखा खरखरीत भुसा उडत असेल तर धार आहे, पिठासारखा बारीक निघूं लागला तर थांबून कानस घ्यावी. बोथट साखळीनें माणूस जोर देऊं लागतो, आणि तेथूनच अपघातांची वाट सुरू होते.

मग त्या दोन फुटी आंब्याचें काय? जमिनीवर स्वस्थ पडलेला ओंडका एका बाजूनें अर्धा आणि दुसऱ्या बाजूनें अर्धा असा कापतां येतो. दोन्हीं काप एकमेकांना मिळतील अशी खूण आधीं खडूनें करून घेतली म्हणजे झालें. या रीतीनें पात्याच्या दुपटीपेक्षां थोड्या कमी जाडीपर्यंत मजल जाते. सोळा इंचीला दोन फूट जड नाहींत. काप मिटूं नये म्हणून त्यांत लांकडाची किंवा प्लास्टिकची पाचर ठोकावी. लोखंडी पाचर नको. साखळी तिला लागली तर दांत जातील. मात्र ही युक्ति आडव्या व स्थिर ओंडक्यापुरती आहे. पात्याहून जाड असलेलें उभें झाड पाडणें ही कसबी माणसाची गोष्ट आहे, आणि हौशी माणसानें त्या वाटेस जाऊं नये. उभ्या झाडाचा विचार निघालाच आहे तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, महाराष्ट्राच्या शहरांत १९७५ च्या कायद्यान्वयें वृक्ष प्राधिकरणाची परवानगी असल्याशिवाय झाड तोडतां येत नाहीं; ग्रामीण भागांतहि ठराविक जातींच्या झाडांना १९६४ चा कायदा लागूं आहे. यंत्र आपल्या मालकीचें असलें म्हणजे झाडावरहि तसाच अधिकार पोंचतो, ही समजूत बरोबर नाहीं.

शहरांतल्या गृहसंस्थेचा प्रश्न याहून सोपा आहे. आवारांतल्या पडलेल्या फांद्या तोडून वाट मोकळी करणें, एवढेंच तिचें काम. त्याला बारा किंवा चौदा इंचांचें, विजेच्या घटावर चालणारें यंत्र पुष्कळ झालें. तें हलकें, आवाजाला कमी, आणि कळ सोडली कीं साखळी थांबते. रस्त्यावर आडव्या झालेल्या पर्जन्यवृक्षाला हात घालण्याची हौस कार्यकारी मंडळानें धरूं नये. तें नगरपालिकेचें काम आहे. एका हातानें धरण्याजोगीं, वरच्या बाजूस मूठ असलेलीं छोटीं यंत्रेंहि दुकानांत दिसतात. त्यांचें पातें आंखूड म्हणून तीं नवशिक्यांचीं, असें वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तीं दोर बांधून झाडावर चढणाऱ्या शिक्षित कामगारांसाठीं केलेलीं आहेत, आणि जमिनीवर उभ्या असलेल्या नवशिक्याच्या हातीं तीं मोठ्या यंत्राहूनहि फसवीं ठरतात.

जुनें पातें झिजून नवें घ्यावयाचें झालें तर लांबीखेरीज तीन आंकडे जुळावे लागतात: साखळीचें माप, खांचेची रुंदी आणि खांचेंत बसणाऱ्या कड्यांची संख्या. हे आंकडे बहुधा पात्याच्या मागच्या भागावर ठोकलेले असतात. तेल व भुसा पुसून काढला कीं दिसतात. खांचेच्या रुंदींत १.३ आणि १.५ मिलिमीटर हा फरक डोळ्यांना जाणवत नाहीं, पण अरुंद साखळी रुंद खांचेंत डुलूं लागते आणि काप वांकडा जातो. रुंद साखळी अरुंद खांचेंत शिरतच नाहीं. शिवाय पातें यंत्राला जेथें बसतें तेथील भोकांची ठेवण निरनिराळ्या कारखान्यांची निरनिराळी असते. म्हणून दुकानांत जातांना जुनें पातें कागदांत गुंडाळून बरोबर न्यावें, हें उत्तम. लांब पात्यावर वाचलेले पैसे शिरस्त्राण, डोळ्यांपुढची जाळी, कानांवरच्या झडपा आणि मांड्यांचें रक्षण करणारी ती खास विजार यांत घालावे. त्या विजारीच्या अस्तरांत लांब तंतु भरलेले असतात. साखळी लागतांच ते बाहेर ओढले जाऊन चक्राला वेढा घालतात आणि साखळी अडते.

पात्याची निगा थोडक्यांत अशी. साखळीच्या तेलाची टांकी पेट्रोलबरोबर दर वेळीं भरावी. कोरडें पातें तापून निळें पडतें. खांचेंतला भुसा साफ करावा. साखळीला धार लावतांना किंवा ती बदलतांना पातें उलटें करून बसवावें. खालची कड जास्त झिजते, ती वर येते आणि झीज सारखी होते. साखळीचा ताण असा असावा कीं, ती पात्याच्या खालच्या कडेला चिकटून राहील आणि हातमोजा घालून ओढली असतां सहज सरकेल. हें पाहतांना इंजिन अर्थातच बंद पाहिजे. काम चालूं असतां साखळी तापून लांबते, म्हणून मधून मधून ती ताणून घ्यावी लागते; आणि दिवसाचें काम संपलें कीं तोच ताण पुन्हां सैल करून ठेवावा लागतो, कारण रात्रीं थंड होऊन ती आंखडते आणि तशीच घट्ट राहिली तर पात्याला व आंतल्या दांडीला ओढ बसते.